डालग्याखालची थोरली

बोटाला ओलं लागलं तेव्हा मला कळलं, की पिलाच्या डोक्यावर दिसतंय ते मी काल लावलेलं कुंकू नाही. सकाळची वेळ होती, चूळ भरून मी परसात आले होते, आणि वेळूच्या डालग्याच्या फटीतून एक पांढरं डोकं बाहेर आलेलं दिसलं. लाल टिळा जसाच्या तसा. मला बरंच वाटलं. रात्रभर दहा जणींच्या खेटाखेटीत टिळा टिकला म्हणजे कुंकू चांगलं आहे, शनवाऱ्याच्या बाजारातल्या दुकानदाराने या खेपेला तरी फसवलं नाही, असं काहीबाही मनात आलं आणि मी सहज बोट लावलं. ओलं. पिलाने डोळे मिटून घेतले. मग दिसलं, की टिळ्याच्या जागी पिसंच नाहीत, कातडी सोलून निघाली आहे, आणि डालग्याला अगदी लागून थोरली उभी आहे. थोरली म्हणजे माझ्या कळपातली सगळ्यात जुनी कोंबडी. तिच्या चोचीला एक बारीक पांढरं पीस चिकटलेलं होतं. तिने मान वाकडी करून एका डोळ्याने माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात भीती नव्हती आणि लाज तर मुळीच नव्हती. मी तिला हुसकलं, तेव्हा ती दोन पावलं सरकली आणि तिथेच थांबली.

कुंकवाचं असं, की आमच्या घराचा उंबरा ओलांडून जे नवीन आत येतं त्याला कुंकू लागतं. शिवणयंत्राला लागलं, यांच्या सायकलीला लागलं, पाटा-वरवंटा आणला तेव्हा त्यालाही लागलं. माहेरी केळीच्या बागेत नवी मोट जोडली, तर माझी आई आधी तिला हळदकुंकू वाहायची आणि मगच बैल हलायचे. तेव्हा दहा पिलं घरात आली आणि मी ती तशीच कोरडी डालग्याखाली सारली असती, तर मलाच चैन पडलं नसतं. शिवाय बघायला गल्ली जमली होती, हेही खरं. बुऱ्हाणपूरच्या आमच्या लोधीपुऱ्यात विलायती सरकारी पिलं पहिल्यांदा माझ्या दारात उतरली होती, आणि मी निरांजन घेऊन बाहेर आले होते. शेजारच्या मथुराबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "काय हो बाई, एकदम दहा सुना आनल्या का घरात?" "आणल्या," मी म्हटलं, "आणि दहाच्या दहा नांदवून दाखवते." सगळे हसले. मला कोणी हसलेलं खपत नाही, पण त्या दिवशी आवडलं, कारण त्या हसण्यात कौतुक होतं. मी एकेकीच्या कपाळावर, म्हणजे पिलाचं कपाळ जिथे असेल तिथे, ओलं कुंकू टेकवलं. पांढऱ्याशुभ्र पिसांवर ते इतकं देखणं दिसलं, की मीच मागे सरून पाहत राहिले. लाल दिसलं की कोंबडी चोच मारते, हे मला माहीत नव्हतं थोडंच? चांगलं माहीत होतं. पण कोंबड्यांचं शहाणपण माझ्या डोक्यात एका खोलीत होतं आणि कुंकू दुसऱ्या खोलीत, आणि मधलं दार लोटलेलं होतं. आमच्या गल्लीतल्या एकीलाही ते उघडावंसं वाटलं नाही. सगळ्यांनी हात जोडले.

पिलं आणून देणारे यादव सरकारी विकास ब्लॉकच्या ऑफिसात नोकरीला होते. भोपाळचं नवीन राज्य झालं तेव्हा ग्वाल्हेरकडून त्यांची बदली इकडे झाली होती. माणूस सरळ होता, पण बोलताना समोरच्याला काही कळत नाही असं धरूनच चालायचा. परसात उतरून त्यांनी माझ्या सात गावठी कोंबड्यांकडे पाहिलं, कोंबड्याकडे पाहिलं, आणि जीभ टाळ्याला लावून च्‌च्‌ केलं. "बहनजी, ये बढ़िया नस्ल है, साल भर अंडा देगी. पर आपकी ये देसीवाली इन्हें टिकने नहीं देंगी. मैंने तीन घर में देख लिया. या तो इन्हें रखिए, या उन्हें." ते 'या तो, या' ऐकलं आणि माझं टाळकं सणकलं. गेल्या वर्षभरात हेच ऐकत होते मी, जो येतो तो हेच सांगतो, इकडचे व्हा नाहीतर तिकडचे. मी मराठीतच म्हटलं, "दोन्ही राहतील. जुनी एक कापणार नाही आणि नवी एक मरू देणार नाही. लिहून घ्या." त्यांनी काही लिहून घेतलं नाही, नुसते हसले. तो गृहस्थ गेला आणि त्याचं हसणं माझ्या परसात राहिलं. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी ते ओलं बोट बघताना मला आधी पिलाची दया आली नाही, आधी यादव आठवले. दया मागून आली, पण आली ती चांगली पोटातून आली.

पिलू मी पदरात घेऊन बसले. हळद आणि गोडेतेल लावलं, तर हळदीतून लाल वर आलंच. उरलेल्या नऊ जणींचे टिळे ओल्या फडक्याने पुसत बसले, ते पुसले जाईनात, गुलाबी डाग राहिले. आणि भोवती माझा स्वतःचा कळप, मी दाणे घालून वाढवलेला, टपून उभा. त्या क्षणी मला माझ्याच कोंबड्या परक्या वाटल्या. मग काजळाची डबी आठवली. तान्ह्या पोराला तीट लावतात तशी मी त्या जखमेवर काजळाची जाड तीट लावली. काळ्यावर कोंबडी चोच मारत नाही. नऊ जणींनाही लावली. "आता दृष्ट लागत नाही बघा," मथुराबाई कुंपणावरून म्हणाल्या, आणि त्यांना वाटलं त्या थट्टा करताहेत. त्या दिवशी शाळेत फळ्यावर लिहिताना माझी बोटं काळी होती. मुली खुसखुसल्या. मी वळून पाहिलं तेव्हा गप्प झाल्या, एवढा वचक अजून होता.

शाळा म्हणजे आता हिंदी कन्याशाळा. राज्यं नव्याने आखली गेली, नागपूरकडे बघायची आमची सवय मोडून भोपाळकडे बघायची वेळ आली, आणि त्या पाठोपाठ उन्हाळ्यात आमची मराठी मुलींची शाळा या मोठ्या शाळेत मिळवली. मी तिथे मोठ्या बाई होते. मोठ्या बाई म्हणजे घंटा माझ्या मनगटावरच्या घड्याळावर व्हायची. नवीन मास्तरीण आली की पहिले सहा महिने तिने दाराशी, पाण्याच्या माठाजवळ बसायचं, येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी द्यायचं, हा माझा नियम, आणि मला त्याचं आजही काही वाईट वाटत नाही. त्या माठाजवळून माझ्या हाताखाली ज्या तयार झाल्या त्या तीन जिल्ह्यांत नाव काढताहेत. तर जुलैच्या पहिल्या दिवशी मी त्या नव्या स्टाफरूममध्ये गेले आणि खिडकीजवळच्या खुर्चीवर बसले. मी कुठेही गेले तरी खिडकीजवळच बसते. एक लहानशी मास्तरीण उठून अगदी अदबीने म्हणाली, "बहनजी, वो पांडे दीदी की कुर्सी है." अदबीने म्हणाली हेच वाईट. मी उठले. उठताना माझी पिशवी खुर्चीच्या हातात अडकली, ती सोडवायला वेळ लागला, आणि तेवढा वेळ खोलीत कुणीच बोललं नाही. तो वेळ अजून संपलेला नाही. मी भाजी निवडत असते, दाणे टाकत असते, आणि मधेच माझी पिशवी त्या हातात अडकते.

मधल्या सुट्टीत त्या सगळ्या ओसरीवर सतरंजी टाकून गोल बसायच्या, डबे मध्ये उघडे. लोणच्याचा वास वर्गापर्यंत यायचा. मी वर्गातच जेवायचे, टेबलाशी, मुलींच्या वह्या बाजूला सारून. मला कुणी बोलावलं नाही आणि न बोलावता पंगतीला जाणं आमच्या घराण्यात नाही. माझी भाकरी वाईट नव्हती, पण आवाज न करता जेवायची सवय नसल्यामुळे ती घशाखाली उतरताना मलाच ऐकू यायची. हे घरी म्हणाले, "सोडून दे नोकरी. मला गिरणीत पगार आहे, तुझी अंडी आहेत. एवढ्याशा बायकांसाठी जीव का जाळायचा?" हे म्हणजे माझे यजमान नंदकुमार, गिरणीच्या ऑफिसात आहेत, आणि त्यांना माझ्याविषयी खरोखर माया आहे. पण मायेने बोललेलंही कधी कधी चोचीसारखं लागतं. सोडायची तर मी माझ्या मर्जीने सोडीन, एका खुर्चीच्या पायी नाही, असं मी म्हटलं. ते म्हणाले, दिवाळीनंतर ठरव. दिवाळी झाली, सुट्टी संपली, शाळा उघडली, आणि त्याच आठवड्यात पिलं आली. ठरवायचं राहिलंच होतं.

कळपाची गोष्ट अशी, की एका घरात दोन झुंडी होऊ द्यायच्या नाहीत, आणि घाईने एकही करायची नाही. आधी बघू द्यायचं, ऐकू द्यायचं, एकमेकींचा वास येऊ द्यायचा. डालग्याच्या फटींतून डोकी बाहेर येतात म्हणून मी डालगं काढलं आणि जुनी बाज आडवी उभी करून परसाचे दोन भाग केले. बाजेच्या सुंभाच्या विणीतून चोच जात होती, डोकं जात नव्हतं. एका बाजूला सात, दुसऱ्या बाजूला दहा, आणि दोन्हीकडच्या दाण्यांच्या ताटल्या बाजेला अगदी चिकटून, म्हणजे जेवायच्या वेळी समोरासमोर तोंडं आलीच पाहिजेत. सुरुवातीला काय ती फडफड! आमच्या गावठी कोंबड्या बाजेवर धडका द्यायच्या, आणि पिलं मागच्या भिंतीला एकावर एक चढायची. हळूहळू धडका थांबल्या. चितकबरी आधी निवळली, मग काळी. कोंबड्याने तर पहिल्या दिवसापासून लक्षच दिलं नव्हतं, तो पेपर वाचणाऱ्या नवऱ्यासारखा उकिरड्यावर उभा असायचा. जखमी पिलाची खपली धरली. त्याच्या डोक्यावर तेवढ्या जागी पीस आलं नाही, काळपट टक्कल राहिलं, आणि त्यावरून मथुराबाई त्याला टिकलीवाली म्हणायला लागल्या. टिकलीवाली दाणे खायला सगळ्यात शेवटी यायची, पण यायची. मी रोज शाळेतून आले की पातळ न बदलता आधी परसात जायचे आणि ती जिवंत आहे ना ते बघायचे. शाळेत दिवसभर मी कुणाशी बोललेली नसायचे, म्हणून तिच्याशी खूप बोलायचे.

एक दिवस बाज काढली. माझ्या अंदाजाप्रमाणेच झालं. थोडी ढकलाढकल, थोडं ओरडणं, दोनचार पिसं. चितकबरीने एका पिलाला टोचलं, ते बाजूला झालं, संपलं. हे व्हायचंच, आणि मी त्यात हात घालत नाही. मी स्वतःवर खूश होऊन मथुराबाईंना हाक मारणार, एवढ्यात थोरली परसाच्या टोकापासून निघाली. ती धावली नाही. सगळ्यांच्या मधून, कुणाकडे न पाहता, सरळ टिकलीवालीपर्यंत आली आणि तिच्या त्या टकलावर चोच घातली. दुसरी, तिसरी. पिलू खाली बसलं तरी थांबेना. मी जाऊन तिला दोन्ही हातांनी उचललं तेव्हा तिचं काळीज माझ्या तळव्यात धडधडत होतं आणि नजर मात्र अगदी थंड. पुढचे काही दिवस बाज लावून पाहिली, काढून पाहिली. बाकी सगळ्या राजी झाल्या होत्या. ही एकटी नाही. आणि गंमत अशी, की तिने एकदा सुरू केलं की बाकीच्याही येऊन टोचून जायच्या, जणू हजेरी लावायला.

थोरलीला धूळकोट या खेड्याहून माझ्या सासूबाईंनी आणलं होतं. यांना विषमज्वर झाला होता, हाडं राहिली होती, डॉक्टरांनी अंडी सांगितली, तेव्हा रंभाबाई, माझ्या सासूबाई, मोटारीत मांडीवर पिशवी घेऊन आल्या आणि पिशवीतून ही निघाली, लहानखुरी, तांबूस, पिशवीतही मान वर. तिच्या अंड्यांवर हे उठून बसले. पुढे कळप झाला तो तिच्यामुळे. घार आली की सगळ्यात आधी तिचा आवाज. संध्याकाळी खुराड्यात सगळ्यात शेवटी ती शिरायची, सगळ्या आत गेल्यावर. आणि वरच्या दांडीवर तिची जागा, ती कुणी घेत नसे. बाजाराच्या दिवशी सासूबाई आल्या, टिकलीवालीचं डोकं पाहिलं, कुंकवाचा प्रकार ऐकला आणि पोट धरून हसल्या. "काय वं कमल, कोंबडीले कुकू लावतेत का कोनी! शिकेल मानसाचं असंच राह्यते." मग गंभीर झाल्या. "माह्यं ऐक. तिचं वय झालं. आता ते काही अंडे देत नाही फार. रविवारी काप तिले, नंदूले खाऊ घाल, आन् मोकळी व्हय. पोरीसाठी जागा करा लागते बाई." हे पेपरामागून म्हणाले, "आई म्हणते ते बरोबर आहे." मी म्हटलं, "जिने तुम्हाला अंथरुणावरून उठवलं तिचा रस्सा तुम्हाला जाईल?" त्यांनी पेपर खाली केला. सासूबाई मात्र म्हणाल्या, "मंग पिल्लू मरू दे." हेच ते. या तो, या. माझ्या घरातही तेच. मला इतका संताप आला, की मी चहा सांडला आणि पुसलाही नाही.

उपाय मला सुचला तो स्टाफरूममध्ये. यादवांनी सांगितला नाही, सासूबाईंनीही नाही, माझा मला सुचला आणि मला त्याचा अभिमान आहे. पांडे दीदी, जिची ती खिडकीजवळची खुर्ची, ती दिवाळीपासून आजारपणाच्या रजेवर होती. त्या दिवशी ती परत आली. मधल्या काळात तिच्या खुर्चीवर ती लहान मास्तरीण बसू लागली होती, तीच, अदबीची. मला वाटलं, आता उठेल. ती उठली नाही. पांडे दीदी खुर्चीपर्यंत आली, क्षणभर थांबली, आणि बाकावर जाऊन बसली. मी हातातला खडू मोडला. म्हणजे खुर्ची तिची नव्हतीच कधी! ती रोज तिथे होती, म्हणून तिची होती. चार दिवस नसली, की बाकीच्या सरकून नीट बसतात, आणि परत येणारी नवीन होते. तास सुरू झाल्याची घंटा झाली तरी मी तिथेच उभी होते, आणि डोळ्यांपुढे बाई नव्हती, थोरली होती.

घरी आल्याबरोबर थोरलीला उचललं आणि मथुराबाईंच्या पडवीत डालग्याखाली ठेवलं, इथून तिला आमचा परस दिसणार नाही, ऐकू येणार नाही असं. दाणापाणी मीच नेऊन द्यायचे. "किती दिवस?" मथुराबाईंनी विचारलं. "आठवडाभर, मग बघू." यांना चेष्टा सुचली, "कोंबडं झाकलं म्हणून सूर्य उगवायचा राहत नाही हो." मी म्हटलं, "उगवू दे. मला सूर्याचं काही करायचं नाही, दांडीवरची जागा मोकळी करायची आहे." आणि झाली. पहिल्या दिवशी कळप गोंधळला. संध्याकाळी खुराड्याशी सगळ्या उभ्या, आधी कुणी शिरायचं कळेना. मग चितकबरी पुढे झाली. वरच्या दांडीवरची जागा दोन संध्याकाळी रिकामी राहिली, तिसऱ्या संध्याकाळी चितकबरी तिथे बसली. पिलं मधल्या दांडीवर. टिकलीवालीला कुणी टोचेना, कारण सुरुवात करणारी कुणी नव्हती. ती भराभर भरली, तुरा फुटू लागला, आवाज पिलाचा राहिला नाही. मी रोज पाहायचे आणि मनात फुलायचे. आणि रोज पडवीत जाऊन डालगं उचलायचे, तेव्हा थोरली अंधारातून माझ्याकडे त्याच एका डोळ्याने पाहायची. मी तिच्यापुढे ज्वारी ठेवायचे आणि लगेच डालगं पालथं घालायचे, कारण जास्त वेळ तिच्याकडे पाहवत नव्हतं.

आठवड्याचे तीन आठवडे झाले, आणि तिला परत आणलं तो रविवार होता. ऊन कोवळं होतं, केळीच्या बागांकडून गार वारा येत होता. हे दारात, मथुराबाई कुंपणापलीकडे, तोंडात मिश्रीचं बोट. मी ताटलीत दाणे टाकले, सगळ्या गोळा झाल्या, आणि मग मी थोरलीला खाली सोडलं. तिने अंग झाडलं. पिसं नीट केली, घाई न करता, जशी नेहमी करायची, आणि निघाली. सरळ ताटलीकडे. तिच्या येण्याने पूर्वी वाट व्हायची. आज झाली नाही. ती चितकबरीच्या पाठीला जाऊन धडकली. चितकबरीने वळून तिला टोचलं. थोरली जागच्या जागी थांबली, आणि तिचा चेहरा, कोंबडीला चेहरा असतो, हे ज्यांनी कोंबड्या पाळल्या नाहीत त्यांना सांगून उपयोग नाही. मग काळीने टोचलं. मग एका पांढरीने. आणि मग टिकलीवाली पुढे आली. मान ताणून, पंख थोडे सोडून, अजून पुरती कोंबडी न झालेली ती पोर थोरलीसमोर उभी राहिली आणि तिने तिच्या मानेवर एक चोच मारली. एकच. आणि परत दाण्यांकडे वळली. "अगं बाई!" मथुराबाई ओरडल्या. माझ्या घशात मोठा आनंद आला, ओरडावंसं वाटलं, माझी पोर, माझ्या काजळाने वाचलेली! आणि त्याच वेळी माझा हात काठीकडे गेला होता, त्या पोरीला हाणण्यासाठी.

हात मी मागे बांधला. थोरली मागे सरत सरत धुण्याच्या दगडापर्यंत गेली आणि तिथे एकटी उभी राहिली. तेव्हा माझ्या लक्षात आलं. इतके महिने मी स्वतःला ते रक्ताळलेलं पिलू समजत होते. बिचारी कमल, नवीन घरात आलेली, सगळ्यांनी टोचलेली. मी कुठली पिलू? माझ्या आवाजाने घारी उडाल्या आहेत. मी वरच्या दांडीवरची. मला कुणी हुसकलेलं नव्हतं, मला नुसतं उचलून वेगळ्या परसात सोडलं होतं, आणि मी अजून वाट होण्याची वाट बघत उभी होते. हे दारातून हळूच म्हणाले, "तिला बिचारीला इकडे वेगळे चार दाणे टाक ना." "नाही," मी म्हटलं. ते इतक्या जोरात म्हटलं, की कोंबडाही उकिरड्यावरून वळला. "तिला वेगळं काही द्यायचं नाही. खाईल तर तिथेच खाईल."

थोरलीने दगडाजवळची माती उकरली. तिथे काही नव्हतं, तिला ते ठाऊक असणार. दोनदा उकरलं, चोच पुसली, आणि परत निघाली. या वेळी सरळ नाही, भिंतीच्या कडेने, लांबून, जिथे पिलं खात होती त्या बाजूने. एकीने टोचलं. तिने मान हलवली नाही. दुसरीने टोचलं. ती तशीच आत शिरली, दोन पांढऱ्यांच्या मध्ये, जिथे नीट उभं राहायलाही जागा नव्हती, आणि खाली वाकून दाणा उचलला. उचलला आणि लगेच मान वर. सतराजणींत तिचीच मान वर, गिळताना. टिकलीवाली तिच्या अंगाला अंग लावून खात होती. "कुंभाराची सून, उकिरड्यावर आलीच शेवटी," मथुराबाई म्हणाल्या. मी म्हटलं, "आली नाही मथुराबाई, गेली. आपल्या पायांनी गेली." माझे डोळे भरून आले होते आणि ते मी पुसले नाहीत, कारण लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं. जुनी एक कमी झाली नव्हती, नवी एक मेली नव्हती. बुऱ्हाणपुरात हे कुणाला जमलं नव्हतं, मला जमलं. संध्याकाळी थोरली सगळ्यांबरोबर खुराड्यात शिरली आणि खालच्या दांडीवर बसली. मी कडी लावली आणि यांना सांगितलं, की नोकरी मी सोडत नाही.

सोमवारी मधली सुट्टी झाली. ओसरीवर सतरंजी पडली, डबे उघडले, लोणच्याचा वास आला. मी डबा उचलला आणि वर्गाबाहेर आले. ओसरी लांब नाही, पण त्या दिवशी लांब वाटली. मी तिथे जाऊन उभी राहिले तेव्हा बोलणं थांबलं. पांडे दीदी वर पाहत होती, ती अदबीची लहान मास्तरीणही. मला बसता येईल इतकी जागा कुठेच नव्हती. मनात माझी पिशवी पुन्हा एकदा त्या खुर्चीच्या हातात अडकली, आणि या वेळी मी ती ओढून काढली. आणि जन्मात पहिल्यांदा, कुणी न विचारता, मी माझ्या मोठ्या बाईंच्या आवाजात हिंदी बोलले.

"ज़रा सरकिए, बहनजी. मुझे भी खाना है."

त्या सरकल्या. फार नाही, एका माणसापुरत्या.